गोसेखुर्दच्या गोड्या पाण्यात बोट असते, ट्रिम टॅबला (बोटीच्या मागं खाली असते ती, बोट समतोल ठेवणारी धातूची पट्टी) झिंकचा अ‍ॅनोड (स्वतः झिजून बाकी धातूला गंजण्यापासून वाचवणारा तुकडा) लावला तरी टॅब खराब होऊन राहिला, काय करावं?

झिंक काढा अन् मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड लावा. झिंक समुद्रासाठी ठीक आहे, पण धरणाच्या पाण्यात मीठ नसल्यानं करंट नीट वाहत नाही, अन् काही दिवसांनी झिंकवर कडक पांढरी साय चढते मग तो नुसता लटकून राहते, काम काही करत नाही. मॅग्नेशियमचा जोर जास्त (साधारण उणे १.६ व्होल्ट, झिंकचा उणे १ च्या आसपास) म्हणून तो स्वतः झिजते अन् टॅबचं स्टील वाचते. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते न, तेच काम. मी फॅब्रिकेशनवाला आहो, बोटी येतात तेव्हा बहुतेक चूक लावण्यातच सापडते:

- अ‍ॅनोडवर कधीच पेंट मारू नका, लोक बोटीसोबत त्यालाही रंगवून टाकतात!
- टॅबवर जिथं बसवता तिथला पेंट घासून धातू उघडा करा, धातूला धातू टेकलाच पाह्यजे
- पाण्याखाली राहील अशा जागी लावा
- अर्धा झिजला की बदला. महिनोन् महिने नवाकोरा दिसत असेल तं खुश होऊ नका, कनेक्शन नाही असं समजा

फक्त एक, बोट कधी मालवण-अलिबागकडं नेली तं मॅग्नेशियम ठेवू नका, खाऱ्या पाण्यात फार लवकर संपते. दोन्हीकडं फिरवायची असेल तं अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड घ्या.