विचारा की ताईला: एमपीएससी, गांजा अन् पुण्यातला दोस्त

प्रश्न: ताई, मी सेलू तालुक्यातला, वय 25. संभाजीनगरला रूम करून एमपीएससी करायलोय, दोनदा प्री निघाली, दोन्ही वेळेस मेन्सला अडकलो. मागच्या वर्षीपासून रात्री अभ्यास उरकला की गांजाचा जॉइंट होतो, आधी फक्त शनिवारी होता आता रोजचं झालंय. शाळेतला दोस्त पुण्यात आयटीत आहे, कॉलेजपासून ओढतो अन् पॅकेज 18 लाख. इलॉन मस्क पण ओढतो म्हणे. मग गांजानं करिअर बुडतं हे घरचे उगी घाबरवायला म्हणतात ना?

उत्तर: मस्कचं आधी उरकून टाकते. 2018 ला पॉडकास्टवर त्यानं कॅमेऱ्यासमोर एक झुरका मारला, कॅलिफोर्नियात ते कायदेशीर होतं, तरी त्यानंतर नासानं त्याच्या स्पेसएक्स कंपनीची तपासणी लावली, अन् पुढं तीन वर्षं आपली रँडम ड्रग टेस्ट झाली असं तोच सांगतो. एका झुरक्याला एवढं! आणि त्याच्याकडं वकिलांची फौज आहे, आपल्याकडं सोयाबीनची पट्टी.

दोस्ताचं म्हणशील तर तो ओढूनही चांगला कमावतो हे खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ओढून घरी बसलेले पोरं पॅकेज सांगायला फोन करत नसतात, म्हणून तुला तो एकटाच दिसतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधे 1972-73 ला जन्मलेली हजारेक मुलं 38 व्या वर्षापर्यंत अभ्यासली, त्यात जे वर्षानुवर्षं नेमानं ओढत राहिले त्यातले बरेच आईबापापेक्षा खालच्या कामावर अन् पैशाच्या ओढाताणीत सापडले. आता हे गांजानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, वैतागलेला माणूसच जास्त ओढतो हे पण आहेच की.

मला खटकलं ते तुझं शनिवारचं रोजवर येणं. दिवसभर वाचलेलं रात्री झोपेत मुरतं, आणि गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, नेमकं आठवणी पक्क्या करणाऱ्या भागावर काम करतं, रोज ओढलं की झोपेचं पण गणित बिघडतं. प्रीला चार ऑप्शन समोर असतात, बघितलं की आठवतं. मेन्स आता वर्णनात्मक झालीय, तिथं कोऱ्या कागदावर सगळं डोक्यातनं काढावं लागतं. मागच्या दोन्ही वेळेस गांजामुळंच अडकलास असं मी म्हणत नाही, पण ओढणाऱ्याला आपण घसरलोय हे लवकर कळत नाही, त्याला वाटतं चालतंय की.

म्हणून मोजून बघ. तीन आठवडे पूर्ण बंद, अन् रोज सकाळी काल वाचलेल्यावर पुस्तक न उघडता एक पान लिहायचं, तारीख टाकून. पहिला आठवडा लई चिडचिड होईल, झोप लागणार नाही, भूक मरेल, चित्रविचित्र स्वप्नं पडतील, मग हळूहळू उतरतं. पहिलं पान अन् एकविसावं पान शेजारी ठेव. बंदच करता आलं नाही तर ते पण एक उत्तरच समज.

आणि सरकारी नोकरीला चारित्र्य पडताळणी असते बरंका. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात नुसता ओढल्यावरही 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड आहे. कट्ट्यावर माल घेताना सापडलास तर दोस्ताच्या कंपनीचं काय ते तो बघंल, तुझ्या फॉर्मवर मात्र गुन्ह्याचा रकाना भरावा लागंल.

प्रश्न: पोराच्या बॅगेत चिलीम सापडली, उदगीरला दुकान आहे आमचं. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल का?

उत्तर: दादा, बिनघोर न्या. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असंल तर थोड्या मालासाठी खटल्यापासून संरक्षण आहे, त्याच कायद्याचं कलम 64 अ. फक्त उपचार मधेच सोडायचे नाहीत. आधी 14446 ला फोन लावा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. आणि चिलीम त्याच्यासमोर आपटू नका, आधी जेवू घाला.