खुडूक, तलंग आणि रवण

प्रश्न असा आलाय की परसात पाळायला पाच महिन्यांच्या दोन गावरान कोंबड्या आणल्या, अंडी काही देत नाहीत, शेजारच्या काकू म्हणतात "खुडूक झाल्या असतील", तर खुडूक म्हणजे नक्की काय, आजार आहे का?

आजार अजिबात नाही. आणि तुमच्या कोंबड्या खुडूक असूच शकत नाहीत, कारण खुडूक होते ती अंडी घालून झालेली कोंबडी. तुमच्या आहेत त्या तलंगा. तलंग म्हणजे वयात आलेली किंवा येऊ घातलेली पण अजून अंडं न दिलेली मादी, आमच्याकडे सातारा भागात हा शब्द बाजारात रोज ऐकू येतो, "तलंग केवढ्याला दिली?" असा. गावरान तलंग साधारण सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते, म्हणजे अंडी द्यायला लागते, पोल्ट्रीतली लेगहॉर्न मात्र 18 ते 20 आठवड्यांतच सुरू होते, त्यामुळे लोकांचा अंदाज चुकतो. तुरा लालभडक झाला, पाठीवर हात ठेवला की खाली दबून बसायला लागली, कोपरे धुंडाळायला लागली की समजायचं आली अंड्यावर. पहिली अंडी बारकी असतात, तेही ठीकच.

आता खुडूक. दहा-बारा अंडी घालून झाली की गावरान कोंबडी अंडी बंद करते आणि जागेवरून हलत नाही, अंगावरची पिसं फुलवते, जवळ गेलं की चोच मारते, आणि एक तो घोगरा आवाज काढत राहते खुडुक खुडुक. मला तरी हा शब्द त्या आवाजावरूनच आलेला वाटतो, हिंदीतही कुड़क मुर्गी म्हणतातच. शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं त्यामुळे हे होतं. खुडूक ही कोंबडीची अवस्था, आणि रवण म्हणजे तिचं ते अंड्यांवर बसणं, म्हणून "खुडूक झाली" पण "रवणीला बसवली" असं म्हणायचं, लोक सरसकट दोन्हीला एकच समजतात ते मला खटकतं कारण यातला फरक फार कामाचा आहे. खुडूक ती आपली आपण होते, रवणीला आपण बसवतो, खाली अंडी ठेवून, आणि 21 दिवसांनी पिल्लं. पिल्लं नको असतील तर खुडूक मोडतात, म्हणजे तिला जागेवरून उठवून पुन्हा अंड्यावर आणतात. त्यासाठी नाकात पीस घालायची जुनी पद्धत आहे, मला ती क्रूर वाटते, त्यापेक्षा तीन-चार दिवस जाळीच्या उघड्या पिंजऱ्यात ठेवा, खालून हवा लागली की बऱ्याचशा कोंबड्या बसणं सोडतात.

सगळ्या जाती खुडूक होत नाहीत. गावरान आणि असील हमखास, असील तर पिल्लांना जिवापाड जपते. लेगहॉर्न जवळपास कधीच नाही, कारण वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी हवीत म्हणून माणसानं पिढ्यानपिढ्या न बसणाऱ्याच निवडल्या. कडकनाथही फारशी बसत नाही, तिची अंडी लोक गावरानखाली ठेवतात. वनराज, गिरिराज या सुधारित जातींकडूनही रवणीची अपेक्षा ठेवू नका.

माणसाला "काय खुडूक होऊन बसलीयस" म्हणतात ते इथूनच आलंय. काकूंना सांगा, आधी अंड्यावर तर येऊ देत, अजून महिना-दोन महिने आहेत.