यंत्राच्या आकड्याआधी व्यास तपासावा

आपण इको विभागात (ध्वनिलहरींनी हृदय तपासणाऱ्या विभागात) नव्याने रुजू झाला आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते हा आकडा संगणक क्षणात दाखवतो, परंतु तो आपणच पडद्यावर ठेवलेल्या खुणांमधून तयार झालेला असतो. डाव्या जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या, बहिर्मार्गाचा व्यास 2.0 सेंमी असेल, तर क्षेत्रफळ 3.14 चौ. सेंमी येते, रक्ताचा वेग दाखवणाऱ्या डॉपलर आलेखाची कड रेखून मिळणारे, रक्ताने एका ठोक्यात कापलेले अंतर 20 सेंमी असल्यास एका ठोक्याला सुमारे 63 मिली आणि 70 ठोक्यांना 4.4 लिटर रक्त बाहेर पडते. तोच व्यास चुकून 1.8 सेंमी मोजला गेला, तर सूत्रात व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे उत्तर 3.6 लिटरपर्यंत घसरते आणि यंत्र चकार शब्द काढत नाही. म्हणून प्रतिमा मोठी करून, महाधमनीची झडप उघडलेली असताना, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत व्यास निदान तीनदा मोजावा. डॉपलरचा किरण प्रवाहाला समांतर ठेवावा. कोन वाढला की वेग कमीच दिसतो. ठोके अनियमित असतील तर किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी, मग बाहेरची रांग कितीही कुरकुरो. स्वयंचलित रेखाटनाला माझा विरोध नाही, मात्र त्याने आखलेली कड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. त्याच प्रौढ रुग्णाची पुन्हा तपासणी करताना जुना व्यास कायम ठेवून केवळ डॉपलरच्या अंतराची तुलना करणे मला अधिक भरवशाचे वाटते.