माळकरी घरात स्मरणशक्तीसाठी काय खावं? बदाम-ब्राह्मी सुरू करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरचं माळकरी घर, अंडी-मटण वर्ज्य. ६८ वर्षांच्या सासूबाई वर्षभरापासून विसरायला लागल्यात, त्यांना शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. ९ वर्षांच्या मुलाचं अभ्यासात चित्त लागत नाही. तुम्हाला तिसरा महिना. तिघांनाही भिजवलेले बदाम आणि ब्राह्मीची पावडर सुरू करायची का?

ताई, बदामावर पैसे घालायच्या आधी बी-१२, लोह आणि आयोडीन या तीन गोष्टी बघा. मेंदूला यातलं काही कमी पडत असेल तर बदामाने ते भरून निघत नाही. पाच बदाम म्हणजे जेमतेम ६ ग्रॅम, त्यातून लोह मिळतं पाव मिलिग्रॅमच्या आसपास. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं आणि ७० मायक्रोग्रॅमच्या घरात फोलेट (अन्नातलं फोलिक ॲसिड) मिळतं, तेही कितीतरी स्वस्तात. बी-१२ मात्र दोन्हीत शून्य. ब्राह्मी तुम्ही तरी आत्ता घेऊ नका. गरोदरपणात ती सुरक्षित आहे की नाही, हे नीट तपासलं गेलेलं नाही.

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तिथे उशीर परवडणारा नाही. बी-१२ फक्त प्राणिजन्य अन्नात असतं आणि माळकरी घरात ते दूध-दह्यातूनच यायचं. १०० मिली दुधात ते ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम, आणि गरज रोजची दोन ते अडीच. ‘आमच्याकडे दूध भरपूर असतं’ असं म्हणणाऱ्या घरात म्हाताऱ्या माणसाच्या पोटात प्रत्यक्षात किती जातं ते मोजून बघा. तीन कप चहातलं मिळून १०० ते १२० मिली, म्हणजे गरजेच्या पाव हिश्श्याइतकं. ताक तर पाणीच जास्त. वर वयामुळे जठरातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२चं शोषण आणखी घटतं, आणि पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज असेल तर आणखीच. तळपायाला मुंग्या येणं, अंधारात तोल जाणं, जीभ लाल-गुळगुळीत होणं, चिडचिड आणि विसराळूपणा ही सगळी याच कमतरतेची लक्षणं असू शकतात. घरात मात्र ‘वय झालं’ म्हणून ती सोडून दिली जातात.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी रक्त द्या, मग गोळी. दुकानातून मल्टिव्हिटॅमिन आणून आठवडाभर खाल्लं की रक्तातला आकडा वर दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. बी-१२ दर मिलीला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे संशयाची जागा. नुसती फोलिक ॲसिडची गोळी देत बसलात तर रक्त सुधारलेलं दिसेल, पण नसांचं नुकसान आत चालूच राहील. डॉक्टर इंजेक्शन देतील किंवा रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी. गरज दोन-अडीचची असताना हजार कशाला, असं वाटेल. शोषणाची नेहमीची वाट बिघडली तरी मोठ्या डोसातला साधारण शंभरावा भाग आतड्यातून तसाच झिरपतो आणि तेवढा पुरतो. विसरणं अलीकडचं असेल आणि कारण हेच असेल तर फरक पडतो. फार जुनं असेल तर अर्धवट पडतो. पातळी मुळात चांगली असेल तर जास्तीच्या बी-१२ने डोकं तल्लख होत नाही. त्याच रक्तात थायरॉइड (टीएसएच), हिमोग्लोबिन, साखर आणि सोडियमही बघून घ्या. ऐकू कमी येणं आणि मनाची उदासी यांनाही घरचे लोक विसराळूपणा समजतात, तेही तपासा.

मेटफॉर्मिन बंद करायचं नाही. साखर आणि बीपी ताब्यात नसणं हे मेंदूच्या झिजेचं स्वतंत्र कारण आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर दोन वर्षं प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि बीपी-साखरेवर नजर हे सगळं एकत्र केलेल्या गटाची आकलनशक्ती नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा चांगली राहिली. अमेरिकेत मात्र ‘मेंदूचा आहार’ म्हणून गाजलेला एक आहार तीन वर्षं पाळूनही तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही (२०२३). म्हणून एकट्या ताटावर भिस्त ठेवू नका, सासूबाईंना रोज संध्याकाळी चालायला न्या.

दात नसले की म्हातारी माणसं चहात भाकरी बुडवून जेवण उरकतात, त्यातून प्रथिनं बुडतात. ५० किलो वजनाला दिवसाकाठी ५० ते ६० ग्रॅम लागतात (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). पातोड्याची मऊ रस्साभाजी, घट्ट वरणात कुस्करलेली बट्टी, दही, दाण्याचं कूट घातलेलं भरीत, हे त्यांना चावतं आणि आवडतं.

आता तुमचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा, जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांवर १९९३ साली सुरू झालेला अभ्यास आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा. त्यात सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. ज्यांच्यात ते फार कमी होतं त्यांच्या मुलांची ९व्या वर्षी तपासणी केली, तेव्हा लक्ष टिकवण्यात आणि अल्पकालीन स्मृतीत ती मुलं मागे दिसली. आईत बी-१२ नसेल तर अंगावरच्या दुधातही ते नसतं. मग निव्वळ अंगावर पिणारं बाळ चार-सहा महिन्यांनी सुस्तावतं, हसेनासं होतं, धरलेली मान सोडतं. म्हणून तुमचंही बी-१२ याच आठवड्यात तपासा. रोज अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्याचं दही तुमच्या वाट्याला आलंच पाहिजे, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नव्हे.

फोलिक ॲसिडचा सर्वांत मोलाचा काळ गर्भधारणेनंतरचे पहिले २८ दिवस, कारण मज्जानलिका (बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी) तेवढ्यात बंद होते. पुढच्या वेळी ते दिवस जायच्या आधीपासून घ्यायचं असतं. चौथ्या महिन्यापासून सरकारी गोळी रोज एक, १८० दिवस: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. चूक होते ती इथे: लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम, तीही दुधासोबत किंवा चहासोबत. कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन दोन्ही लोहाला अडवतात. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, लोह रात्री लिंबूपाण्याबरोबर, मध्ये निदान दोन तास. शौच काळी होते, तिला घाबरू नका.

मीठ आयोडीनयुक्तच आणा. ‘शुद्ध’ म्हणून सैंधव वापरणाऱ्या घरात बाळाच्या मेंदूला लागणारं आयोडीनच गायब होतं. बरणी झाकणाची, चुलीपासून लांब, आणि मीठ भाजी उतरवताना घाला.

मुलाचं बघताना आधी डोळे, कान आणि झोप तपासा, सगळा दोष ताटाला देऊ नका. मग हिमोग्लोबिन: या वयात ११.५च्या खाली म्हणजे रक्तक्षय. लोह कमी पडायला लागलं की हिमोग्लोबिन घसरायच्या आधीच लक्ष उडतं, म्हणून जमलं तर फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करा. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी आणि जंतनाशक गोळी तो खरंच गिळतो का, विचारा.

घरचा उपाय तुमच्या जात्यातच आहे: कळण्याची भाकरी. दादर ज्वारी चार भाग, अख्खे काळे उडीद एक भाग, एकत्र दळून आणा. प्रमाण घरोघर थोडं बदलतं. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक घटक) कमी, उडदात भरपूर, त्यामुळे दोघांची प्रथिनं एकमेकांना पुरी पडतात. एकदम जास्त दळू नका, पीठ जुनं झालं की भाकरी थापताना तुटते. पण धान्यातलं लोह शोषलं जातं शंभरातलं पाच-आठ भाग. ते वाढवायला पानात वरून लिंबू पिळा, शिजताना घातलं तर क जीवनसत्त्व मरतं. अंबाडी किंवा पोकळा लोखंडी कढईत करा आणि झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको. आपल्याकडे मुलांनाही सकाळी चहा-टोस्ट देतात, त्याऐवजी ही भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी द्या. रावेर-यावलच्या केळ्यांनी ताकद मिळते, लोह नाही. खाऊ म्हणून उत्तम. उन्हाळ्यात शाळेत पाण्याची बाटली रिकामी होते का बघा, अंगातलं पाणी थोडं कमी झालं तरी लक्ष लागत नाही.

जवसाची चटणी सगळ्यांना रोज एक चमचा चालेल. मंद भाजा आणि बारीक कुटा, अख्खे जवस तसेच बाहेर पडतात. पंधरा दिवसांपुरतीच करा, नाहीतर खवट होते.

आणि एक: सासूबाईंचं विसरणं हळूहळू न वाढता एखाद्या दिवशी त्या अचानक बरळायला लागल्या, माणसं ओळखेनाशा झाल्या, तर आहाराचा विचार बाजूला ठेवा. मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड (शुगरचीच दुसरी गोळी) असेल आणि एकादशीचा उपास घडला असेल तर साखर उतरलेली असू शकते. बीपीसाठी लघवीची गोळी असेल आणि मे महिन्याचं ऊन असेल तर रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. ग्लुकोमीटर घरात असेल तर लगेच साखर बघा. ७०च्या खाली असेल आणि त्यांना गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.