बोटीचा स्पीड कमी केला तो समुद्रासाठी की खिशासाठी?

प्रश्न: माझा भाचा बोटीवर थर्ड इंजिनियर आहे. परवाच साइन ऑफ करून घरी आला, सांगत होता की कंपनीने स्पीड कमी करायला लावलाय, तळाला कसलातरी महागडा पेंट मारलाय आणि आता त्याला मिथेनॉलवर चालणाऱ्या बोटींचा कोर्स कर म्हणतायत. या लोकांना पर्यावरणाचा एवढा पुळका कधीपासून? की सगळं नाटक? आणि त्याने कोर्स करावा का? (एक वाचक, सडा, वास्को)

उत्तर: पुळका वगैरे काही नाही हो, आधी तेलाचं बिल बघा. बोटीचा स्पीड वाढला की तेल नुसतं त्या प्रमाणात वाढत नाही, साधारण घनाच्या हिशोबाने वाढतं, म्हणजे 20 नॉटवरनं (नॉट म्हणजे बोटीच्या स्पीडचं माप) 18 वर आलात तर इंजिनाला ताकद लागते जवळजवळ 27 टक्के कमी, आता पोचायला वेळ जास्त लागतो हे खरं पण तरी एका फेरीमागे 19 टक्क्यांच्या आसपास तेल वाचतं. 2008 च्या मंदीनंतर हळू जायची फॅशन आली ती यामुळेच, तेव्हा पर्यावरणाचं नाव पण कोणी घेत नव्हतं. पेंटचं पण तेच. आपले रापणकार, ट्रॉलरवाले पावसाळ्याच्या बंदीत होडी वर काढून तळ खरवडतात ना? कालवं-शेवाळ चिकटलं की होडी जड चालते, तो पेंट ते चिकटू नये म्हणूनच, मोठ्या बोटीला ते लाखात पडतं एवढाच फरक.

पण एवढ्यावर भागलं नसतं, मागे दांडका आहे. 2023 पासून 5000 टनांवरच्या बोटींना कार्बनवरनं ए ते ई ग्रेड मिळते, एकदा ई किंवा सलग तीन वर्षं डी आली की सुधारणेचा प्लॅन लिहून द्यावा लागतो. त्याहून जास्त चटका युरोपचा. 2024 पासून तिथल्या बंदरात जाणाऱ्या बोटीला धुराचे पैसे मोजावे लागतात, 2024 च्या धुराच्या 40 टक्क्यांवर, 2025 च्या 70 वर आणि 2026 पासून सगळ्यावर, आणि बाहेरून येणारी बोट असेल तर त्या फेरीचा निम्मा धूर धरतात. शिवाय कर्ज देणाऱ्या मोठ्या बँका 2019 पासून बोटींचा कार्बन मोजायला लागल्या, त्यामुळे जुनाट बोटीला पैसा मिळवणं अवघड होत चाललंय. कुठेकुठे गाजर पण आहे, आपल्या मुरगाव बंदरानेच 2023 मध्ये 'हरित श्रेय' योजना काढली, कमी धूर सोडणाऱ्या बोटीला फीमध्ये सूट.

नाटक म्हणाल तर तेही आहेच. 1 जानेवारी 2020 पासून तेलातल्या गंधकाची मर्यादा 3.5 वरनं 0.5 टक्क्यांवर आणली. मग काहींनी काय केलं, चिमणीत स्क्रबर बसवला, जुनंच स्वस्त जाड तेल जाळतात, धूर पाण्याने धुतात आणि ओपन टाइपचा स्क्रबर असेल तर ते घाण पाणी थेट समुद्रात! बऱ्याच ठिकाणी नियमात बसतं, म्हणून करतात. मला विचाराल तर यापेक्षा हळू चालणारी बोट शंभरदा बरी.

म्हणून कंपनीचा हेतू शोधत बसू नका, पैसे कोण मागतंय ते बघा. जगभरच्या बोटींना कार्बनचा दर लावायचं 2025 च्या एप्रिलमध्ये जवळपास ठरलं होतं पण ऑक्टोबरात लंडनला बोटींचे नियम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या (आयएमओ) बैठकीत अमेरिकेने जोर लावला आणि निर्णय वर्षभर पुढे ढकलला. त्या दिवशी कितीतरी मालकांनी नव्या बोटींचे आकडे परत मांडायला घेतले असणार.

भाच्याने कोर्स जरूर करावा. मिथेनॉलच्या बोटी 2015 पासून चालतायत आणि ऑर्डरीही भरपूर आहेत. या इंधनाला आग पटकन लागते, ज्वाळा दिवसा धड दिसत पण नाही, म्हणून त्याचं वेगळं सर्टिफिकेट लागतं. फक्त फी कंपनी भरतेय का ते आधी लेखी विचारून घे म्हणावं.