महाराष्ट्रात एकल पालक कुटुंबांची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी सरकारने नेमके काय करावे?

माझ्या मते सर्वात आधी पोटगीची वसुली. अर्जाच्या तारखेपासून पोटगी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात सांगितले. पण आदेश हातात पडला म्हणजे पैसे मिळाले असे नाही. नवरा पत्ता बदलतो, नोकरी सोडल्याचे दाखवतो आणि वसुलीसाठी बाईलाच पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. जर्मनीत दुसऱ्या पालकाने पैसे थकवले तर मुलाला सरकार आगाऊ रक्कम देते आणि मग ती त्या पालकाकडून वसूल करते. २०१७ पासून ही सोय मूल १८ वर्षांचे होईपर्यंत आहे. थोडक्यात, पाठपुरावा सरकार करते, आई नाही. आपल्याकडे हे व्हायला हवे.

दुसरे म्हणजे उत्पन्नाची अट. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, परित्यक्तांना महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५०! दोन घरची धुणीभांडी केली तरी बाई अपात्र.

पाळणाघरे हवीतच, तीही कामाच्या वेळेशी जुळणारी.

तोवर बालसंगोपन योजनेचा अर्ज जरूर करा. एकच पालक असलेल्या मुलांनाही दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा, मंजुरी बालकल्याण समिती देते.