आजींना बांधू नकोस

सोनल, काल रात्री तू आजींना ओढणीने कॉटला बांधलंस, त्या पडू नयेत म्हणूनच. पण पुन्हा नको. बांधलेलं माणूस सुटायला धडपडतं, मनगटं सोलवटतात, पाठीला जखमा होतात. कॉटला कठडे लावले, तर ते ओलांडायला जाऊन माणूस आणखी उंचावरून पडतं. झोपेची गोळी देऊन गप्प बसवणं हेही बांधणंच.

आधी कारण शोध. लघवीला लागलंय? पोट साफ नाही? कुठे दुखतंय? अचानक भ्रमल्यासारखं वागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं.

आपल्याकडचे एक आजोबा पहाटे चारला 'गंगेवर जायचंय' म्हणून उठायचे. गंगा म्हणजे नाशिकची गोदावरी; जन्मभर तिथल्या रामकुंडावर अंघोळ केलेली! आम्ही तेव्हाच अंघोळ घालायला लागलो, शांत झाले. आजींची कॉट खाली कर, रात्री दिवा राहू दे.